गोड्या विहिरीची माफी

आश्रमाला आता ऑइलपेंटचा वास येतो. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि तोच नाकात घुसला. पूर्वी इथे शेणानं सारवलेल्या ओसरीचा वास असायचा, खळ घातलेल्या ओल्या खादीचा, संध्याकाळी डास हाकलायला पेटवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा. मला त्या वासांची ओढ होती अशातला भाग नाही. पण इतकी वर्षं आपण एखाद्या जागेवर राग धरून बसावं आणि ती जागाच कुणीतरी रंगवून, फरशी बसवून, कुंड्या मांडून ठेवावी, म्हणजे रागाला टेकायलासुद्धा जागा उरत नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

माय माझा दंड धरून चालत होती. ती थांबली, भिंतीकडे बारीक नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "रंग ओला हाय वं. पातळाले लागंन." मग पातळ सावरून पुढे निघाली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. नांदुऱ्याहून वडनेर भोलजीकडे निघालं की वाटेत एक फाटा लागतो, तिथून आत. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी तिथे जाऊन हार घालावेत अशी माझी मुळीच इच्छा नाही.

हार ज्यांना घालायचे ते आप्पाजी. आश्रम त्यांचा, आणि आता स्मारकही त्यांचंच. ट्रस्टचे सचिव निवृत्त मास्तर आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. त्यांचा फोन आला होता. आप्पाजींच्या आयुष्यातले प्रसंग पुतळ्यांतून दाखवणारं दालन उभं राहिलंय, उद्घाटनाला मातोश्रींना घेऊन याच, असं ते अगदी मऊ आवाजात सांगत होते. "ताई, त्या म्हणजे क्षमेचं मूर्तिमंत प्रतीक आहेत," असंही म्हणाले. तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर पडली असती. फोन ठेवला आणि मायला सांगितलं की असं असं बोलावणं आहे, आपण काही जायचं नाही. मायनं ऐकून घेतलं आणि ट्रंकेतून पांढरं पातळ काढून उशीखाली घडी घालून ठेवलं.

बुलढाण्याहून निघालो ते मोताळा येईपर्यंत मी तिच्याशी भांडत होते.

"माय, कायले जाऊन राह्यली तू तिथं?"

"बलावलं म्हून."

"त्याइनं काय तुह्यासाठी बलावलं? फोटोसाठी बलावलं त्याइनं."

"मंग मी बी माह्यासाठीच जाऊन राह्यली," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

पुढे धामणगाव बढ्याची पाटी दिसली तेव्हा मात्र तिनं गाडी हळू घ्यायला लावली. ते तिचं माहेर. आत जायचं नव्हतं, भेटायला आता तिथे कुणी उरलेलंही नाही. पण त्या बाजूचं पाणी गोड, हे ती माझ्या लहानपणापासून सांगत आलीय, आणि त्या दिवशीही सांगितलं. "नुसतं पाणी पेलं तरी पोट भरे," म्हणाली.

तिला लग्न करून आणली ती खाऱ्या पाण्याच्या मुलखात. पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखाली मीठच आहे जसं काही. आमच्या वस्तीच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की जिभेला चरचरायचं. त्यात तुरीची डाळ रटरटून रटरटून थकायची पण दाणा काही मोडायचा नाही. चहात दूध घातलं की फाटायचं. साबण घासून घासून झिजायचा, फेस म्हणून नाही. आमच्या सगळ्यांचे केस राठ, आणि घागरींना आतून पांढरा थर. तो थर माय दर पौर्णिमेला चिंचेनं खरवडायची, विहारात वंदनेला जायच्या आधी, आणि खरवडताना पुटपुटायची. लहान असताना मला वाटायचं तीही वंदनाच आहे. नंतर कळलं की ती खाऱ्या पाण्याला शिव्या द्यायची.

गोड पाणी गावात एकाच ठिकाणी होतं. नाल्याच्या वरच्या अंगाला, चिंचेखाली, दगडी ओट्याची विहीर. तिला गोडी विहीर म्हणायचे. ओटा गावाचा आणि ओट्याखालची जमीन आमची. आमच्या बायांनी खाली घागरी मांडून उकिडवं बसायचं आणि वरची कुणी बाई आपलं भरून झालं की उरलेलं वरूनच ओतेल, त्याची वाट पाहायची. पाणी दुरून यायचं, त्यामुळे अर्धं घागरीत पडायचं आणि अर्धं आमच्या अंगावर. मला ते आवडायचं. उन्हाळ्यात गार वाटायचं. रहाटाच्या कुरकुरण्यावरून मी ओळखायची की आज कोण ओढतंय. हे सगळं किती अपमानाचं आहे ते कळायला मला शाळेत जावं लागलं.

आप्पाजी त्या विहिरीसाठीच आमच्या गावात येऊन राहिले, असं आता दालनातल्या पाटीवर लिहिलंय. ते खोटं नाही. घराणं मोठं होतं त्यांचं, जमीन होती, ती त्यांनी वाटून टाकली. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेले. निवडणूक कधी लढवली नाही, पण लढवणारा प्रत्येक जण आधी त्यांच्या पाया पडून जायचा आणि ते प्रत्येकाला सूत कातायला बसवायचे. पांढरीधोप धोतराची जोडी, अनवाणी पाय, टाचांना भेगा. बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागायचं, आणि माणूस एकदा वाकला की त्याचं अर्धं भांडण तिथेच संपायचं. ही त्यांची हातोटी होती. पुढे दवाखान्यातल्या नोकरीत मी ती अनेक डॉक्टरांमध्ये शोधली, एकातही सापडली नाही.

आमच्या वस्तीत येऊन जमिनीवर मांडी घालून जेवणारा त्या बाजूचा पहिला माणूस तोच. मायच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा. ठेचा लागला तसं डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातूनही, आणि तरी म्हणतात, "बाई, अजून थोडा वाढा." आम्ही पोरं लोळून लोळून हसलो. तेही हसले. मला ते फार आवडायचे. हे लिहिताना दात खावेसे वाटतात, पण आवडायचे.

आमची मोठी माणसं त्यांना विचारायची, विहिरीचं काय. ते म्हणायचे, "विहीर उघडायची तर आधी मनं उघडायला हवीत. जबरदस्तीनं घेतलेलं पाणी गोड लागत नाही." वस्तीतली माणसं माना डोलवायची. आमच्या घरात ज्यांची तसबीर होती त्यांनी काय सांगितलं होतं ते बाबाला तोंडपाठ होतं, पण आप्पाजींसमोर तोही गप्प बसायचा. मनाला कुलूप त्यांच्या, आणि किल्ली सापडेस्तोवर तहानेनं थांबायचं आम्ही. हे तेव्हा कुणी बोललं नाही. मी आता बोलते, कारण आता माझ्या घरी नळाला पाणी येतं आणि मला कुणाची भीती नाही.

आश्रमात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगला होता, त्यावर लोखंडी खिळा मारला की आवाज नाल्यापलीकडे जायचा. सरकीच्या तेलाचा दिवा. एकाच सुरात अडकलेली पेटी. प्रार्थनेनंतर आप्पाजींनी घालून दिलेली एक रीत होती. गावात ज्यांचं भांडण असेल त्या दोघांना समोरासमोर बसवायचं आणि चूक असलेल्यानं दुसऱ्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. त्यानं घेतला की भांडण मिटलं. बांधाची भांडणं मिटली त्या गुळानं, सासवासुनांची मिटली. लांबलांबचे लोक बघायला यायचे. गुरुवारी मात्र आप्पाजींचं मौन असायचं. त्या दिवशी ते फक्त हातांनी बोलायचे, डोळ्यांनी बोलायचे, आणि आश्रमातले सगळे आपापल्या सोयीनं अर्थ लावायचे.

त्या उन्हाळ्यात गावात मोठं लग्न होतं. सकाळी आम्ही घागरी मांडून बसलो तर ओट्यावर कुणी फिरकेचना. वरच्या बाया येत, आपलं भरून लगबगीनं निघून जात, ओतायला कुणाला सवड नाही. ऊन चढलं. इतर बाया खाऱ्या विहिरीकडे परतल्या. आमच्या घरात तेव्हा तान्हं होतं, माझा भाऊ, आणि त्याला खाऱ्या पाण्यानं जुलाब लागले होते. माय उठली, कासोटा खोचला आणि ओट्यावर चढली. मला अजून आठवतं, तिचा पाय पहिल्यांदाच त्या दगडावर पडला आणि चटका बसून तिनं तो वर घेतला. मग दुसरा ठेवला. बादली सोडली. रहाट कुरकुरला, आणि तो ओढणारा हात आज माझ्या मायचा होता म्हणून मी खाली घागर धरून उड्या मारायला लागले.

देवराव आला. विहिरीलगतच्या मळ्याचा मालक, तिशीतला गडी, चांगला उंचापुरा. त्यानं शिवी दिली नाही, विचारलं नाही, काही नाही. काठी घेतली आणि रहाटाच्या दांड्यावर असलेल्या मायच्या उजव्या मनगटावर हाणली. वाळलं फाटं मोडावं तसा आवाज झाला. बादली दोरासकट आत गेली. माय खाली उतरली, डाव्या हातानं रिकामी घागर उचलली, आणि आम्ही घरी आलो.

बाबा नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कामाला होता. निरोप मिळाला तसा तो संध्याकाळपर्यंत पोचला, अंगाला कापसाचे तंतू तसेच. त्यानं बैलगाडी जुंपली, मायला बसवलं, मला बसवलं. आधी नांदुऱ्याचा दवाखाना, मग ठाणं, असं ठरलं होतं. रस्ता आश्रमावरून जातो. फाटकात आप्पाजी उभे होते.

त्यांनी हात जोडले. बाबासमोर, भर रस्त्यात. म्हणाले, "दवाखान्यात नेलं की ठाण्यात कळवतात. ठाण्यात कळलं की गावाचे दोन तुकडे होतील, आणि मग ती विहीर आपल्या हयातीत उघडणार नाही. मला थोडे दिवस द्या. मी स्वतः बांधतो हात."

बाबा मायकडे बघत राहिला. मायला तेव्हा कळा येत होत्या, ती कुणाकडेच बघत नव्हती. बाबानं कासरा सैल सोडला आणि गाडीतून खाली उतरला. एवढंच. त्यानंतर त्यानं त्या गोष्टीबद्दल घरात कधी तोंड उघडलं नाही.

आप्पाजींनी खांद्यावरचं उपरणं फाडलं. बांबूच्या कामट्या, हळदीचा लेप, आणि त्यावर खादीची पट्टी, अलगद, एक एक वेढा. बांधताना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मायच्या हातावर पडत होतं. ते खरं होतं, मी अगदी जवळून पाहिलं. मी पुढे परिचारिका झाले आणि नोकरीतली बरीचशी वर्षं प्लास्टरच्या खोलीत काढली. गाडीखाली आलेले, झाडावरून पडलेले, नवऱ्यानं मोडलेले हात पाहिले. इतक्या मायेनं इतकं वाईट बांधलेलं हाड मी दुसरं पाहिलं नाही. ते वाकडंच जुळलं. मायचा पंजा तेव्हापासून बाहेरच्या अंगाला वळलेला आहे आणि तळवा पुरता उताणा होत नाही. भाकर ती डाव्या हातानं थापते. आमच्या घरातली भाकर एका कडेला जाड असते, आणि माझ्या लेकरांना तीच बरोबर वाटते.

हात अजून बांधलेलाच होता तेव्हा प्रार्थनेत त्यांना समोरासमोर बसवलं. वार गुरुवार. नंतर कुणी कुणी म्हणालं की शुक्रवारपर्यंत थांबायला हवं होतं, पण देवराव तयार झालाय म्हटल्यावर आश्रमातल्या कार्यकर्त्यांना घाई झाली. सगळं गाव लोटलं होतं. आप्पाजी मधे, मौनात, हात जोडून. त्यांनी देवरावकडे पाहिलं. देवरावनं मान खाली घालून गुळाचा खडा पुढे केला, मायनं डावा तळवा पुढे केला. आमच्यात कुणी खायचं हातावर ठेवलं तर परत करत नाहीत. आप्पाजींनी मायकडे पाहिलं. काय विचारायचं असेल ते त्या दिवशी तोंडानं विचारायची सोय नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला ते सुचलं नाही. पेटीवाल्यानं भजन धरलं, लोक रडायला लागले, एकमेकांच्या गळ्यात पडले. तेवढ्यात मायनं तो खडा पदराच्या टोकाला बांधून टाकला.

घरी आल्यावर तिनं गाठ सोडली आणि गूळ मला दिला. मी खाल्ला. काळा होता, चिकट, पदराच्या घामानं जरा खारट. ज्या क्षमेची दालनात मोठी पाटी लागलीय ती खुद्द मायच्या तोंडात कधी गेलीच नाही. शुक्रवारी मौन सुटलं तेव्हा आप्पाजी घरोघर सांगत फिरले की गयाबाईंनी, म्हणजे माझ्या मायनं, आपल्याला क्षमा म्हणजे काय ते शिकवलं.

आणि विहीर उघडली. तेही सांगायला हवं, मला कितीही जड जात असलं तरी. आमच्या बाया ओट्यावर चढल्या. मायनं डाव्या हातानं बादली धरली आणि शेजारच्या काकूनं ओढली. त्या संध्याकाळी आमच्या चुलीवर पहिल्यांदा डाळ मेण झाली. मायनं माझे केस धुतले आणि फेस झाला, एवढा फेस, की मी तो दोन्ही हातांत घेऊन वस्तीभर दाखवत फिरले. ओल्या केसांना शिकेकाई आणि गोड पाण्याचा जो वास आला तो मी अजून विसरलेली नाही. जबरदस्तीनं घेतलेलं पाणी कसं लागतं ते मला माहीत नाही, पण हे गोडच होतं. मग हळूहळू गावातल्या बाया आमची वेळ टाळून यायला लागल्या. मग ज्यांना जमलं त्यांनी आपापल्या वाड्यात बोअर घेतले. बघता बघता ती विहीर फक्त आमची झाली, गणपतीचं निर्माल्य टाकायला तेवढं गाव यायचं. आता तिच्यावर जाळी आहे आणि कडेला शोभेचे दिवे आहेत.

आप्पाजी गेले तेव्हा माय चालत अंत्ययात्रेला गेली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. मी गेले नाही. मोठी झाल्यावर मी तिला एकदा सरळच विचारलं, "माय, तुनं खरंच माफ केलं काय वं त्याले?" ती म्हणाली, "मिठाचा डब्बा दे तिकडचा." मी डबा दिला. पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि तिच्या वाटचा राग मीच करत राहिले. मला वाटायचं, तिला जमत नाही तर कुणीतरी करायला हवा.

दालनात गार लागत होतं. एकापुढे एक काचेमागे आप्पाजी: तुरुंगातले, चरख्यावरचे, जमीन वाटणारे. शेवटचा कोपरा आमचा. तिथे आप्पाजी मधे, एका बाजूला देवराव गुडघे टेकून हात पुढे करतोय, आणि दुसऱ्या बाजूला एक गोरीपान बाई, हिरवं लुगडं, नाकात नथ, तोंड उघडं. देवराव तिला गूळ भरवतोय. तिचे दोन्ही हात जोडलेले, मनगटं सरळसोट, रेघेत आखल्यासारखी.

"हे कोन वं?" मायनं विचारलं.

"तू."

ती काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिली. "बाप्पा! असं लुगडं कुठून आनलं याइनं? रंग तं चांगला देला." मग काचेवर बोट ठेवलं, पुतळ्याच्या मनगटापाशी. "हात बरा केला माहा," म्हणाली, आणि खुदकन हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि ही हसत होती.

बाहेर मंडपात पाहुणे बसले होते. पहिल्या रांगेत देवराव. ओळखायला वेळ लागला मला. एवढासा झालाय, खांदे पडलेले, दोन्ही कानांनी बहिरा, कानाशी तोंड नेलं तरच ऐकणारा, शेजारी त्याचा मुलगा काठी धरून. भाषणं झाली. आजच्या जगाला आप्पाजींच्या मार्गाची किती गरज आहे ते सर्वांनी सांगितलं. ज्यांना सांगायचं ते कुणीच तिथे नव्हते. मग मायला शाल, श्रीफळ. सर रीत म्हणून म्हणाले, "मातोश्री, दोन शब्द?" आणि माईक आपल्याकडेच ठेवून हसले. मायनं हात पुढे केला. त्यांना तो द्यावा लागला.

"मी गया," माय म्हणाली. "त्या पलीकडच्या वस्तीतली. माहा हात या देवरावनं मोडला. आप्पाजी देवमानूस होते, माह्या घरी जेवले, मी त्याइले वाईट म्हनत नाही. पन तुमी सारे म्हनता का गयानं माफ केलं. मले कोनी इचारलं नाही. यानं बी मागितली नाही. मागितलीच नाही तं मी देऊ काय?"

सर माईककडे सरकले. कोपऱ्यातल्या पेटीवाल्याकडे बघून कुणीतरी भजनाची खूण केली. आणि देवराव बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "काय म्हनते थे?"

मुलगा त्याच्या कानाशी वाकला. "काही नाही बाबा. नमस्कार म्हनते तुमाले."

देवरावनं आनंदानं हात जोडले आणि मायकडे पाहून मान डोलावली. मी ताडकन उठले. इतक्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मायनं माझ्याकडे न बघताच हातानं बस म्हणून खूण केली. ती पायरी उतरली, माईक तसाच हातात, आणि देवरावच्या कानाला तोंड लावून तिनं सगळं पुन्हा सांगितलं, एक एक शब्द, पहिल्यापासून.

त्याचे जोडलेले हात हळूहळू सुटले.

"पन आप्पाजीनं तं मले सांगतलं होतं," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी घरी येऊन सांगतलं, का तुनं माफ केलं म्हून. मंग मी काय मागू? मले वाटलं, झालं."

"त्याइनं सांगतलं," माय म्हणाली. "मी नाही सांगतलं."

म्हाताऱ्यानं काठीसाठी हात चाचपडला. तो उठायला बघत होता आणि मुलगा खांदा दाबून "बाबा, बसा, बसा" करत होता. सर कपाळाचा घाम पुसत होते. मला वाटलं, आता कुणीतरी पुढे होऊन गोड बोलेल आणि हेही निसटून जाईल.

"उठू नोको," माय देवरावला म्हणाली. "बसूनच माग."

मग त्यानं तिचा उजवा हात बघितला, तो वळलेला पंजा, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "मी मारलं, गयाबाई. कारन नव्हतं काही. चुकलो. माफ कर मले."

सरांनी टाळी वाजवली. मग सगळ्या मंडपानं वाजवली, सुटल्यासारखी, मोठ्यानं. दोघी-तिघी बाया डोळे पुसायला लागल्या. फोटोवाला धावत आला. माय टाळ्या थांबायची वाट पाहत तशीच उभी राहिली. थांबल्या तेव्हा तिनं माईक तोंडाजवळ नेला.

"मागितली, बरं केलं," ती म्हणाली. "आता मी इचार करते."

माईक तिनं सरांच्या हातात दिला, नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चाल वं. गाडी काढ."